खिडकीखालची वीज

भाटकर चाळीतून बाहेर पडणारं माणूस तीन नंबरच्या खिडकीपाशी घटकाभर थांबतं. जिना उतरला की फरशीची अरुंद वाट भिंतीला धरून फाटकापर्यंत जाते, आणि त्या वाटेवर, कमरेच्या उंचीला, ती गजांची खिडकी. आत लोखंडी खाटेवर जाईबाई बसलेली असते, मांडीवर सूप आणि सुपात लाल मिरच्या. देठं खुडता खुडता ती मान वर करते.

"जाईबाई, येतो."

"सावकास ये."

एवढंच. कामाला निघालेला, परीक्षेला निघालेली, हॉस्पिटलात भरती व्हायला निघालेला, सगळे त्या गजांशी 'येतो' म्हणून गेले. लग्न होऊन कल्याणला गेलेली, वरच्या माळ्यावरच्या श्रेयाची आत्यासुद्धा हळदीच्या हातांनी गज धरून 'येते' म्हणाली होती. ही रीत कधी पडली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. चाळीचा सेक्रेटरी सीताराम सांगतो, गिरण्यांच्या संपाच्या वर्षी बाप्ये रोज सकाळी काम शोधायला बाहेर पडायचे आणि रोज रिकाम्या हातांनी परत यायचे. तेव्हा जाईबाईनेच हे सुरू केलं. घरी यायला लाज वाटेल इतकी वाईट वेळ होती म्हणे. कुणीतरी आधीच 'ये' म्हणून ठेवलेलं असलं की पाऊल वळायला बरं पडायचं.

जाईबाई आता अठ्ठ्याहत्तरची. चाळीस वर्षं तिने लालबागच्या डंखांवर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरण्यांवर, मिरची भाजली, मसाला कांडला. गुडघ्यांनी साथ सोडल्याला चार वर्षं झाली. मोरी, चूल, खाट आणि खिडकी, एवढाच तिचा मुलूख. मुंबईत साठ वर्षं काढूनही तिच्या बोलण्यातलं मालवण काही सुटलं नव्हतं, आणि तोंडातली ओवीही.

*येतो म्हणून गेला गं, वाट उंबऱ्याला ठावी*
*दिवा लागायच्या आत, त्याची पावलं ऐकावी*

कुणी ऐकावं म्हणून ती म्हणत नसे. हात चालू असले की तोंड आपोआप चालायचं.

दुसऱ्या माळ्यावरच्या आनंदाने गेल्या दिवाळीनंतर ट्रक घेतला, तो विजेवर चालणारा. एक टन माल घेणारा, पांढरा, छोटा. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी स्वतःची गाडी दारात आली, तेव्हा त्याची बायको कांता फाटकात उभी राहून नुसती बघत राहिली होती. गाडी चालू आहे की बंद तेच कळेना. चाळीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं 'मुकी', आणि तेच राहिलं.

काम बांधलेलं होतं. पहाटे दादरच्या फुलबाजारातून गिरगावात फुलं, मग सकाळी उजाडता उजाडता वाशीला जाऊन मिरची-धणे उचलून लालबागला परत. साडेनऊला मोकळा. पुन्हा चारनंतर डंखांवरचा तयार मसाला माटुंगा, दादर, गिरगाव. दिवसाला शंभर किलोमीटर सहज व्हायचे, म्हणजे वीस युनिट वीज.

आणि सगळा घोळ या वीस युनिटांत होता.

परळच्या पुढे एका पेट्रोल पंपाच्या मागच्या अंगाला फास्ट चार्जिंग होतं. मोबाइलवर पैसे भरायचे, जाड केबलचं तोंड, ज्याला सगळे ड्रायव्हर 'गन' म्हणतात, गाडीत खुपसायचं आणि पन्नास मिनिटांत गाडी भरलेली. सुरुवातीला दर एकोणीस होता. मग एकवीस झाला. मार्च महिन्यात एके दिवशी आनंदाने मोबाइल बघितला तर युनिटला चोवीस. वर रांग. पन्नास मिनिटांच्या चार्जिंगला दीड तास थांबायचं.

तिथे विनीत नावाचा एक टॅक्सीवाला रोज भेटायचा. विजेचीच टॅक्सी, पण विनीत महिन्यातून दहाच दिवस फास्टला यायचा.

"काका, रोज हॉटेलात जेवल्यासारखं झालं हे," तो एकदा म्हणाला. "मी काळाचौकीला सोसायटीत लावतो. वेगळा मीटर घेतलाय गाडीचा. आठ रुपये युनिट. दुपारच्या तासांना आणखी सूट. तुम्ही तर साडेनऊ ते चार मोकळेच असता. सोन्यासारखे तास आहेत तुमच्याकडे."

"चाळीत कुठे लावू?"

"चाळीत वीज नाही काय?"

आनंदाने त्या रात्री कांताला सगळं सांगितलं. कांता म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात आया आहे, आकडे तिला पटकन सुटतात. चोवीसाने दिवसाला चारशे ऐंशी. सव्वीस दिवसांचे बारा हजार चारशे ऐंशी. गाडीचा हप्ता चौदा हजार तीनशे. मार्चचा हप्ता कांताच्या पगारातून गेला होता आणि एप्रिलचाही तसाच जाणार होता.

"म्हणजे गाडी तू चालवतोस आणि ढकलते मी," कांता म्हणाली.

"घरून लावून बघू."

त्याने घरून लावून बघितलं. दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीतून वायर खाली सोडली, आणि महिनाभर आपण जग जिंकल्यासारखा शीळ घालत हिंडला. मग बिल आलं. एरवी अकराशे यायचं ते आठ हजार नऊशे. घरच्या मीटरवर जसजसे युनिट वाढतात तसतसा दर चढत जातो, हे त्याला ठाऊक होतं. पण तो चढ आपल्या पंख्याला, फ्रिजला, कांताच्या मिक्सरलाही चढावा लागतो, हे बिल हातात आल्यावर कळलं. गाडीचे युनिट पंधरा रुपयांना पडले होते. त्यातच एका दुपारी वायरीचा प्लग वितळून सॉकेटला चिकटला आणि सीताराम धापा टाकत वर आला.

"काय रे मेल्या, चाळ पेटवतंस काय?"

"नाही दादा. वेगळा मीटर घेतो."

"घे. पण गाडी लावशील खंय? हवेत?"

तसा चौक मोठा दिसायचा, पण पाण्याच्या टाकीच्या बाजूला मोटरसायकली, मधोमध गणपतीच्या मंडपाचे खड्डे, आणि मीटरची पेटी जिन्याखाली. वीज कंपनीच्या माणसाने येऊन सांगितलं की वायर जमिनीवरून चौकभर फिरवायची नाही. मीटरपासून भिंतीने सरळ न्यायची आणि गाडी तिथेच, भिंतीशी उभी करायची. म्हणजे तीन नंबरसमोर. चाळीच्या कमिटीने ठरवलं, ज्याच्या खोलीपुढे गाडी लागणार त्याची सही आणा, आमची काही हरकत नाही.

आनंदाला हायसं वाटलं. जाईबाईची सही म्हणजे झालीच म्हणायची. त्याची आई आणि जाईबाई एकाच डंखावर, एकाच उखळाशी समोरासमोर उभ्या राहून कांडायच्या. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. त्या दिवसांत या चाळीत त्याच्या आईचा कप वेगळा ठेवणारी घरं होती. तीन नंबरमध्ये नव्हता. आई हे कधी कुणाला सांगायची नाही, पण बुद्धपौर्णिमेच्या खिरीची पहिली वाटी न चुकता तीन नंबरला जायची. आई गेल्यावर ती वाटी आनंदा न्यायला लागला.

कागद घेऊन तो खिडकीशी गेला. गजांतून कागद आत दिला, पेन दिलं.

"मावशी, इथे सही कर. गाडी लावायची आहे इथे, चार्जिंगला."

जाईबाईने कागद डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. "तुजा काम होतला?"

"होईल."

"हप्तो भरशील?"

"भरीन की."

रात्रशाळेत शिकलेली चार अक्षरं तिने सावकाश काढली. आनंदाने वाचून दाखवलं नाही, तिने विचारलं नाही. वर सीताराम कागद बघत म्हणाला, "तीन नंबर काय म्हणाली?"

"काही नाही. केली सही."

"काहीच नाय म्हणाली?"

"नाही."

"हं," सीताराम म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.

आनंदाने टेपने मोजलं. गाडी लांबीला चार मीटर, रुंदीला दीड, उंचीला माणसापेक्षा जरा जास्त. भिंतीपासून हातभर फट सोडली की केबल नीट पोहोचते. बाहेरून त्याने सगळं मोजलं. आत जाऊन खाटेवर बसून बघायचं त्याला सुचलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात मीटर बसला. साडेनऊला मुकी भिंतीशी उभी राहायची, हिरवा दिवा लुकलुकायचा, आनंदा वर जाऊन झोपायचा. चारला उठून खाली, गन काढली, ड्रायव्हरच्या बाजूने चढला, निघाला. दिवसाला एकशेसाठ रुपये. कधी दुपारच्या सवलतीने दीडशेच. कांताने कॅलेंडरवर खाली बारीक अक्षरात मांडायला सुरुवात केली, आणि दहाव्या दिवशी म्हणाली, "या महिन्याचा हप्ता गाडी स्वतः भरते बघ." त्या दिवशी डंखावरून परतताना आनंदाने तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला. फुलं रोज वाहून नेणाऱ्या माणसाने घरी फूल आणल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

बुद्धपौर्णिमेला सकाळचं काम लवकर आटपलं. नऊलाच गाडी लावून, आंघोळ करून, पांढरा सदरा घालून तो खिरीची वाटी घेऊन खाली आला. दर वर्षी वाटी गजांतून आत जायची. आज भिंत आणि गाडी यांच्या मधल्या फटीत शिरून बघितलं तर हातात वाटी धरून वळताच येईना. म्हणून तो दारातून आत गेला.

सकाळचे दहा वाजले होते आणि खोलीत ट्यूबलाइट जळत होती.

जाईबाई खाटेवरच होती, पण खिडकीकडे पाठ करून. सूप मांडीवर. आनंदाने तिच्या डोक्यावरून खिडकीकडे बघितलं. गजांच्या पलीकडे पांढरा पत्रा. वर आभाळाची बोटभर पट्टी नाही, खाली फरशी नाही. फक्त पत्रा, आणि त्यावर त्याने स्वतःच हौसेने रंगवून घेतलेली अक्षरं: 'फुले, मसाले, किराणा.' खाली मोबाइल नंबर.

"बस," जाईबाई म्हणाली. "खीर हाडलंस? आवशीची तुज्या याद येता रे."

आनंदा उभाच राहिला.

"तुजो नंबर पाठ झालो माका," ती म्हणाली, आणि मागे वळून न बघता दहाच्या दहा आकडे म्हणून दाखवले. एकही चुकला नाही. मग हसली. "आणि ही तुजी गाय. तिच्यार केलंय मी एक. ऐक."

*मुकी गाय माझ्या दारी, तिला वैरण ना पाणी*
*भिंतीमधली वीज पिते, उभी गुणाची गं राणी*

आनंदाने वाटी खाटेच्या कडेला ठेवली. "मावशी, माणसं? येतो म्हणायला येतात ना?"

"येतत की," जाईबाई म्हणाली. मग मिरचीचं देठ खुडत, खालच्या आवाजात, "पहिल्यांदा दोन-तीन दिवस येत होती. फटीतना शिरूक होया, कापडां मळतत. वेळ होता त्यांका. टाकीकडना वाट मोकळी हा."

"मला सांगायचंस."

"काय सांगू? तू निघतंस ता तरी खंय कळता? आवाज नाय, काय नाय. खोलयेत एकदम उजेड पडलो की समजूचा, आनंदा गेलो."

तेव्हा आनंदाला आठवलं. गेले बारा दिवस तो ड्रायव्हरच्या बाजूने चढत होता. बारा दिवसांत तो स्वतः एकदाही 'येतो' म्हणाला नव्हता.

तो बाहेर आला, गन काढली आणि गाडी फाटकाबाहेर घेतली. मागून जाईबाईची हाक आली, "अरे, अजून भरूक नाय ती! खंय नेतंस?" पण तो थांबला नाही. परळच्या पंपावर जाऊन उरलेले युनिट चोवीसाने भरले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. गाडी साडेनऊ ते चार कुठे ठेवायची म्हणून तो ती शिवडीच्या बाजूला एका गोदामाच्या भिंतीला लावून आतच झोपायचा. चौथ्या दिवशी कांताने कॅलेंडर बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"मीटरचं डिपॉझिट भरून पुन्हा चोवीस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्याने सांगितलं. ट्यूबलाइट, पत्रा, नंबर. कांताने भाकरीचा तुकडा मोडला.

"मी पण टाकीकडूनच जाते," ती म्हणाली. "साडेदहाची शिफ्ट असते, साडी भरते त्या फटीत. मला वाटायचं, मी एकटीच जात नाहीये. बाकीचे जात असतील." मग थोड्या वेळाने, "पण आनंदा, आठ हजार म्हणजे काही चहाचे पैसे नव्हेत. मी अजून किती महिने ढकलू?"

दोघं जेवले. भांडी घासताना कांता म्हणाली, "अर्धं घरी, अर्धं बाहेर कर. ती दुपारी एक ते चार झोपते. तेवढंच लाव."

"तीन तासांत दहा युनिट. उरलेले दहा चोवीसाने. दिवसाला तीनशेवीस पडतील."

"पडू देत. चारशे ऐंशीपेक्षा बरे."

हे आकडे जुळवून तो सकाळी परत आला तर फाटकात सीताराम उभा. हात मागे बांधलेले, चेहरा कमिटीचा.

"चल. तीन नंबरने बोलावलंय. आणि तयारीत चल, ती तापलीय."

जाईबाई तापलेलीच होती. सूप बाजूला ठेवलेलं. चार वर्षांत आनंदाने तिला रिकाम्या हातांनी बसलेली बघितली नव्हती.

"बस मेल्या. नाय, उभोच ऱ्हव. माझ्या दारातली गाय कोणी सोडली?"

"मावशी, तुला उजेड..."

"हाडलंस तेव्हा इचारलंस नाय. नेलंस तेव्हाय इचारलंस नाय. मी म्हणजे काय, तुजी पार्किंग?"

सीताराम खोकल्यासारखं करून भिंतीकडे वळला. आनंदाने मान खाली घातली. तिचा राग खरा होता, आणि दोन्ही वेळांसाठी रास्त होता.

"सांग आता," ती जरा निवून म्हणाली. "भायर कितक्याक पडता, घरात कितक्याक? सीताराम सांगता तां माका समजणा नाय. तू सांग."

आनंदा खाटेच्या कडेला टेकला आणि त्याने सांगितलं. बाहेर चोवीस, पन्नास मिनिटं, वर रांग. घरच्या मीटरवर पंधरा आणि प्लग वितळतो. गाडीच्या मीटरवर आठ, पण सहा-सात तास लागतात, आणि तेही दिवसा लावलं तर स्वस्त. रोज फास्टला लावलं तर बॅटरीही लवकर म्हातारी होते म्हणतात.

जाईबाई ऐकत होती. डंखावरचं माणूस दर कळायला वेळ लावत नाही.

"तसाच होता आमचा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक डंखार मसालो दिता, अर्ध्या तासात घेवन जाता, पैसे मोजता. घरच्या उखळात पैसे वाचतत, पण बायलमाणसाचे खांदे जातत. कोणी तरी भरताच, रे. नोटेन भर नायतर हाडान भर." मग तिने आनंदाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण उखळ खंय ठेवूचा, तां बघूचा आसता. उंबऱ्यात ठेवला की येणारो-जाणारो अडखळता. कोपऱ्यात ठेवला की कांडणारीचो जीव घुसमटता. आम्ही दोघी तां दर साली सरकवत होतो, तुजी आवस आणि मी."

"इथे सरकवायला जागाच नाही, मावशी. वायर भिंतीनेच हवी."

"गाय ऱ्हवांदे थयच," जाईबाई म्हणाली. "माका सरकव."

सीतारामने भिंतीकडून मान वळवली.

"गाडीक खिडकी आसा ना? बसूक जागा आसा? मग माका थय बसव. काच खाली कर. माझी खिडकी ती. एक वाजता मी निजाक परत येतलंय."

"गुडघे?" सीताराम म्हणाला.

"गुडघे माझे आसत."

आनंदाने गाडी आणली आणि तोंड फाटकाकडे करून भिंतीशी लावली. पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसवायचं ठरलं, पण ती बाजू भिंतीकडची. फटीत पाट ठेवला तर माणूस मावेना. मग ड्रायव्हरच्या बाजूने. सीतारामने स्वतःचं स्टूल आणलं, त्याच्यापुढे पाट. कांता शिफ्टला निघाली होती ती पर्स गळ्यात अडकवून मागून आधाराला उभी राहिली. हॉस्पिटलात रोज माणसं उचलते, कुठे हात घालायचा ते तिला कळतं. जाईबाईने स्टिअरिंग धरलं, दात आवळले, "देवा रवळनाथा" म्हणाली आणि वर गेली.

समोरची काच मोठी होती. त्या काचेतून चौक दिसत होता, टाकी दिसत होती, फाटक दिसत होतं, आणि फाटकाच्या पलीकडे रस्ता. खाटेवरून रस्ता कधी दिसला नव्हता. चार वर्षं तिने माणसांना फाटकापर्यंत पाठवलं होतं, पुढे ती कुठल्या बाजूला वळतात ते बघितलं नव्हतं.

"तां मिरचीचा दुकान बंद झाला काय समोरचा?" तिने विचारलं.

"झाली तीन वर्षं," सीताराम म्हणाला. "मोबाइलचं झालं आता."

"सांगूचां नाय काय कोणी."

आनंदाने गन लावली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. "मावशी, केबल लागलेली असली की गाडी हलत नाही. घाबरू नकोस."

"मी घाबरलंय काय? सूप दी माजा."

तेवढ्यात जिन्यावरून श्रेया धडधडत उतरली, कॉलेजला उशीर झालेला. सवयीने टाकीकडे वळली, चार पावलं गेली आणि थबकली. ट्रकच्या स्टिअरिंगमागे जाईबाई, मांडीवर मिरच्यांचं सूप.

"अगं बाई. जाईबाई, कुठे नेताय गाडी?"

"तुका कॉलेजात सोडतंय. चल, बस."

श्रेया हसत गाडीशी आली, खिडकीच्या काठावर हात ठेवला. "येते, जाईबाई."

"सावकास ये."

कांता तिच्यामागेच उभी होती. तिने पर्स सारखी केली. "येते मी पण," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "चुकलं माझं इतके दिवस."

"शिफ्ट चुकात आता. जा."

त्या दिवशी एक वाजेपर्यंत एकवीस माणसं येऊन गेली. सीतारामने मोजली, स्टुलावर बसून, काही काम नसल्यासारखा. आनंदा वर झोपायला गेला, पण झोप काही लागली नाही. गॅलरीत उभा राहून तो खाली बघत राहिला. गाडीच्या टपाखालून ओवीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. एकला त्याने आणि सीतारामने तिला उतरवून आत नेलं. चारला तो पुन्हा खाली आला. जाईबाई खोलीत निजली होती. त्याने गन काढली, गाडी पुढे घेण्याआधी फटीत शिरून, सदरा मळवत, गजांशी तोंड नेलं.

"मावशी, येतो."

झोपेतच तिचा हात हलला.

आता हे रोजचं झालं आहे. सीतारामने सुताराकडून दोन पायऱ्यांची एक मजबूत चौकी करून घेतली आहे; तिचे पैसे कमिटीने दिले आणि हिशोबात 'जिना दुरुस्ती' म्हणून दाखवले. गाडीच्या केबिनला मिरचीचा असा वास लागला आहे की गिरगावात फुलं उतरवताना आनंदाला शिंका येतात, आणि फुलवाले त्याला हसतात. हप्ता जातो. ओढून-ताणून जातो, पण कांताच्या पगाराला हात न लावता जातो.

रोज मात्र जमत नाही. एखाद्या सकाळी जाईबाईचे गुडघे सुजलेले असतात, चौकीच्या पहिल्या पायरीवरही पाय चढत नाही. त्या दिवशी आनंदा विचारतो, "मावशी, आज काय करू?" कधी ती म्हणते, लाव, मी निजतंय. कधी म्हणते, आज माझी खिडकी माका होयी. मग तो गाडी वळवतो आणि परळला जातो. महिन्यातले पाच-सहा दिवस तरी जातातच. मोबाइलवर आकडे पळायला लागले की त्याला चरचरतं, नाही असं नाही. चारशे ऐंशी रुपये म्हणजे चारशे ऐंशीच.

परवा विनीत रांगेत पुढे होता. खाली उतरून तो आनंदाच्या खिडकीशी आला आणि नाकाला रुमाल लावला.

"काका, आज इकडे? घरची वीज गेली काय?"

"नाही रे. आज गुडघे दुखतायत."

"तुमचे?"

"छे," आनंदा म्हणाला, आणि गन लावायला खाली उतरला.